बाइंडरांची साक्ष

आमच्या मंडळीत नाताळानंतरच्या रविवारी उपकारस्तुतीची उपासना असते. त्या दिवशी पाळकसाहेब उपदेश करत नाहीत. वर्षभरात देवाने ज्याला कशातून सोडवलं, ज्याला काही दिलं, तो पुढे येतो आणि साक्ष देतो. प्रत्येकाला पाच मिनिटं. चिटणीस पहिल्या बाकावर पितळी घंटी घेऊन बसतात आणि वेळ संपली की टण्णकन वाजवतात. माझ्या साक्षीला मात्र ती घंटी कधी वाजली नाही. एकदा ते वाजवायला गेले तर मागच्या बाकावरच्या बायकाच म्हणाल्या, "अहो थांबा, ट्रक यायचाय अजून."

खरं सांगायचं तर बंडगार्डनच्या पुलावर एक कुत्रं आडवं आलं, मी स्कूटरवरून पडलो आणि कोपर खरचटलं. एवढंच. पहिल्या वर्षी मी ते तसंच सांगितलं आणि तीन माणसांनी जांभया दिल्या. दुसऱ्या वर्षी कुत्र्याची म्हैस झाली. चौथ्या वर्षी म्हशीमागून ट्रक आला. सातव्या वर्षापर्यंत दोन ट्रक आणि एक टँकर झाले होते, आणि मी हवेत असताना अख्खं स्तोत्र म्हणून मगच खाली आलो होतो, तेही दोन पायांवर. मंडळी हसायची, डोळे पुसायची आणि शेवटी एका आवाजात "प्रभूची स्तुती असो" म्हणायची. आता मला सांगा, खरचटलेल्या कोपरावर देवाची एवढी स्तुती झाली असती का? असं माझं त्या वेळी गणित होतं.

तेहतीस वर्षं मी शहराच्या बसवर कंडक्टर होतो. माझा आवाज असा, की मी स्वारगेटला "पुढे सरका" म्हटलं की कात्रजच्या थांब्यावरचे लोक पुढे सरकायचे. बायको म्हणते की लग्नाच्या वेळी तिने मला पाहायच्या आधी ऐकलं होतं. तिला तेव्हाच कळायला हवं होतं, पण तिचीही काही चूक असतेच.

तिसऱ्या बाकावर, खिडकीकडच्या टोकाला, बाइंडर बसत. सगळे त्यांना बाइंडरच म्हणायचे, कारण आयुष्यभर ते एका छापखान्यात पुस्तकं बांधायच्या खात्यात होते. मंडळीतल्या फाटक्या गीतपुस्तकांचा गठ्ठा ते दरवर्षी घरी न्यायचे आणि नवे पुठ्ठे घालून परत आणायचे. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. शेजारी त्यांची बायको बसायची. तिला ऐकू यायचं. ती पदराआड, मांडीवर हात ठेवून, बोटांनी त्यांना उपदेश सांगायची. पाळकसाहेब चाळीस मिनिटं बोलले तर ती चार मिनिटांत उरकायची, आणि माझ्या मते त्यातलं काही राहून गेलेलं नसायचं.

ती गेली. त्यानंतरही बाइंडर दर रविवारी येत राहिले. गीत सुरू झालं की इतरांकडे बघून उभे राहायचे. प्रार्थनेला डोळे मिटायचे, आणि इथेच पंचाईत व्हायची, कारण प्रार्थना संपली हे मिटल्या डोळ्यांना कोण सांगणार? आमेन होऊन सगळी मंडळी बसलेली, आणि बाइंडर एकटे उभे, हात जोडून, डोळे मिटून. मग शेजारचं कोणीतरी त्यांची बाही ओढायचं. ते ओशाळून हसायचे आणि बसायचे. आम्ही सगळ्यांनी ते दोन वर्षं पाहिलं. कोणाच्याही मनात काही आलं नाही. माझ्या मनात तर येण्याचा प्रश्नच नव्हता, मी माझ्या टँकरच्या विचारात असायचो.

मग नवे पाळकसाहेब आले, नगरकडचे, वयाने माझ्या मुलाएवढे. तिसऱ्याच रविवारी त्यांनी सूचनांच्या वेळी विचारलं, "आपल्यापैकी कोणी खुणांची भाषा शिकेल का? सदाशिव पेठेत वर्ग चालतो. शनिवारी दोन तास, वर्षभर. मी चौकशी केली आहे, सोपं नाही. आपल्यापैकी कोणालाच हे येत नाही, त्यामुळे चुका होतील, लाज वाटेल. पण सोडून द्यायचं नाही, असं कोणी आहे का?"

तरुण संघाने माना खाली घालून मोबाइल पाहिले. महिला मंडळाने तरुण संघाकडे पाहिलं. ती शांतता मला सोसेना. कंडक्टरला शांत बस म्हणजे बंद पडलेली बस वाटते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी शिकतो. वर्ष कशाला, तीन महिन्यांत शिकतो." मंडळीने टाळ्या वाजवल्या. बाइंडरांनी सगळ्यांचं बघून टाळ्या वाजवल्या. कशासाठी, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

घरी जाताना बायको म्हणाली, "अहो, पाळकसाहेबांनी हात वापरायचे म्हटलंय. तोंड नाही."

"मला काय हात नाहीत?"

"आहेत की. आजवर घरात दिसले नाहीत, म्हणून म्हटलं."

वर्ग एका दाताच्या दवाखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होता. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, सुती साडी, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांच्या आईवडिलांना, दोघांनाही ऐकू येत नव्हतं. त्यामुळे बाई आधी हातांनी बोलायला लागल्या आणि मग तोंडाने, आणि तोंडाचा वापर त्यांनी पुढेही जपूनच केला. मी दारातूनच खणखणीत "जय ख्रिस्त" केला. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"हे आपलं शेवटचं बोलणं," त्या म्हणाल्या. "आता चार वाजेपर्यंत काही सांगायचं असेल तर हाताने सांगा. येत नसेल तर न सांगता राहा. पुष्कळ लोक राहतात."

दोन तास. मंडळी, मी बाळंतपणाच्या कळा सोसलेल्या नाहीत, पण त्या शनिवारी साधारण कल्पना आली. वर्गात फिजिओथेरपीच्या कॉलेजातल्या पाच-सहा मुली होत्या आणि हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीतली एक होती, जिच्या टीममधल्या मुलाला ऐकू येत नव्हतं. त्यांची बोटं सुतासारखी वळायची. माझी बोटं तेहतीस वर्षं तिकिटं फाडून आणि दांडा धरून जी वाकली होती ती वाकलीच. बाई समोर येऊन उभ्या राहायच्या, माझा हात न्याहाळायच्या आणि फळ्यावर लिहायच्या, 'काकांनी आता माश्या मारणं थांबवावं.' वर्ग सुटल्यावर हिंजवडीची मुलगी जिन्यात म्हणाली, "काका, रिलॅक्स. माझंपण फर्स्ट मंथ टोटल कचरा होतं."

पण पहिला महिना मी टिकलो, आणि ते वाढवून सांगत नाही. चौथ्या रविवारी मी तिसऱ्या बाकापुढे स्टूल टाकून बाइंडरांकडे तोंड करून बसलो आणि उपदेशातली तीन वाक्यं त्यांना हाताने सांगितली. तिसऱ्यात चूक झाली असणार, कारण ते पोट धरून हसले. मग त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला. खळीने आणि सुईने घट्टे पडलेले हात होते ते. माझं एकेक बोट उचलून त्यांनी जागेवर नेऊन ठेवलं, जसा एखादा पुस्तकाचा दुमडलेला कोपरा सरळ करावा. आणि त्या दिवशी प्रार्थना संपली तेव्हा मी त्यांच्या गुडघ्यावर हलकेच बोट टेकवलं. ते सगळ्यांच्या बरोबरीने बसले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं माझ्याकडे कोणी ट्रकसाठीही पाहिलं नव्हतं.

तिथेच थांबलो असतो, किंवा तिथून पुढे नेटाने गेलो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती.

वर्गाचे दोन भाग होते. पहिल्या तासाला आपण हाताने बोलायचं. दुसऱ्या तासाला नुसतं बघायचं. एक तरुण शिक्षक यायचा, त्यालाही ऐकू येत नव्हतं. तो समोर उभा राहून काहीतरी सांगायचा आणि आम्ही जेवढं समजलं तेवढं कागदावर लिहायचं. पहिला तास मला आवडायला लागला होता. चेहरा, भुवया, खांदे, सगळं हलवायचं असतं, म्हणजे माझंच राज्य. दुसरा तास मात्र मला जीवघेणा वाटायचा. एके दिवशी त्या शिक्षकाने काहीतरी सांगितलं आणि मी झराझरा पान भरलं, की याची आई अचानक आजारी पडली, हा भर पावसात औषधासाठी धावला, दुकानदाराने दार लावून घेतलं, मग याने गुडघे टेकले आणि इतक्यात दार उघडलं. बाईंनी कागद वाचला. नियम मोडून त्या तोंडाने बोलल्या.

"काका, तो दूध आणायला गेला. दुकान बंद होतं. तो घरी आला. बाकीचं आपल्याकडे कोणी मागितलं होतं का?"

मुली हसल्या. मीही हसलो, पण आतून पेटलो. बाई पुढे म्हणाल्या, "आपल्याला सांगायची घाई आहे. समोरचा काय सांगतोय ते बघायला बसत नाही आपण. हे नाही जमलं तर पहिला तास फुकट आहे."

पुढच्या शनिवारी मी मधल्या सुट्टीत चहाला म्हणून उतरलो आणि परत वर गेलो नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच. मग गुडघा दुखायला लागला. हा गुडघा मोठा समजूतदार होता, तो फक्त शनिवारी आणि फक्त सदाशिव पेठेच्या जिन्यावर दुखायचा. तीन महिने व्हायच्या आत मी वर्ग सोडला. पाळकसाहेबांना सांगितलं नाही. बाइंडरांना तर नाहीच.

रविवारी मात्र स्टुलावर बसत राहिलो. मला साठेक खुणा येत होत्या. पाळकसाहेब बायबलमधल्या करिंथकरांच्या पत्रावर अर्धा तास बोलायचे आणि माझ्या हातून निघायचं, देव चांगला, माणसं वाईट, देव चांगला, रागावू नका, देव चांगला. मध्ये मध्ये मी हात असे काही फिरवायचो, की मागच्या बाकांवरून बघणाऱ्याला वाटावं केवढं मोठं तत्त्वज्ञान चाललंय. महिला मंडळात माझं नाव झालं. "काकांचे हात बघत राहावेसे वाटतात," असं म्हणायच्या. बाइंडर मान डोलवायचे. कधीकधी ते मला काही विचारायचे, लांबलचक, आणि मी जोरजोरात मान हलवून त्यांच्या पाठीवर थाप मारायचो. त्यांना कळत नव्हतं असं मला वाटायचं. आता वाटतं, त्यांना कळत होतं, पण बाही ओढणाऱ्यापेक्षा मी बरा, एवढाच त्यांनी विचार केला असेल.

डिसेंबरच्या सुरुवातीला, एका संध्याकाळी, ते आमच्या घरी आले. बरोबर त्यांची मुलगी होती. ती लोणी काळभोरला दिलेली, तिथल्याच कॉलेजात शिकवते, तिला ऐकू येतं. बायकोने चहा ठेवला. बाइंडर खुर्चीच्या कडेवर बसून मुलीकडे बघून हातांनी बोलले आणि मुलगी मला सांगत गेली.

"काका, बाबांना या उपकारस्तुतीला साक्ष द्यायची आहे. इतक्या वर्षांत त्यांनी दिलेली नाही. आई म्हणायची मी सांगते तुमच्या वतीने, पण तेव्हा त्यांना नको होतं. आता द्यायची आहे. ते हातांनी सांगतील, तुम्ही माईकवर बोलायचं."

मी म्हणालो, "अगं, तू आहेस की. तुझ्यासारखं कोणाला येणार?"

तिने ते बापाला सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ सांगितलं.

"ते म्हणतात, माझ्या तोंडून नको. त्यात आईबद्दल काही आहे. ते मुलीने बोलू नये, आणि मी त्या वेळी आतही बसू नये असं त्यांचं म्हणणं आहे. देवासमोर आणि मंडळीसमोर एकदा सांगायचं आहे, म्हणतात." तिने पुन्हा बापाच्या हातांकडे पाहिलं. "आणि म्हणतात, तुम्ही नव्याने शिकताय, तेव्हा तुम्हाला अवघड जाईल. ते रोज यायला तयार आहेत. आधी तुम्हाला एकट्याला सावकाश सांगतील, दहा वेळा सांगतील. समजलं नाही तर विचारा, त्यांना राग येणार नाही."

दार उघडून आत ये म्हणणारा माणूस होता तो. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मला येत नाही, मी वर्ग सोडला, शिकवा. तीन आठवडे हातात होते. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं.

मी म्हणालो, "सरावाची काय गरज? त्यांना सांग, निश्चिंत राहा. माझ्यावर सोडा."

मुलीने सांगितलं. बाइंडर उठले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "अजून जिन्यातच असतील. जा, सांगा."

"काय सांगू?"

"तुम्हाला काय सांगायचं ते कधी सुचत नाही असं झालंय का? आज खरं सांगायचंय, म्हणून अडलं."

मी गेलो नाही.

त्या रविवारी बाइंडरांनी पांढरा सदरा घातला होता, कॉलरला निळीचा किंचित रंग चढलेला. बहुधा स्वतःच धुतला होता. मुलगी बापाच्या सांगण्याप्रमाणे बाहेर, प्रीतिभोजनाच्या मांडवात, पत्रावळी मांडायला थांबली. माझी ट्रकची साक्ष त्या वर्षी मी स्वतःहून मागे घेतली, कारण आज त्याहून मोठं काही करायचं होतं. आता मी वाढवत नाही. बाइंडर पुढे उभे राहिले. मी त्यांच्या उजव्या हाताला, माईकपाशी. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि सुरुवात केली.

पहिल्या चार खुणा मला कळल्या. बायको. आजारी. मी. घर. मग त्यांचे हात वेगात गेले आणि माझी गाडी तिथेच बंद पडली. मंडळी माझ्याकडे बघत होती. दोनशे माणसं, आणि माईकमध्ये नुसता श्वास. ती शांतता तीन सेकंदांची असेल. मला ती सोसली नाही.

मी बोलायला लागलो. बाइंडरांची बायको इस्पितळात होती असं सांगितलं. शेवटच्या सकाळी खोलीत उजेड पडला असं सांगितलं. मग ती ओठ हलवते, हे तिच्या ओठांकडे बघत राहतात, आणि मग, माझी जीभ आता स्वतःच धावत होती, मग देवाने एका क्षणापुरते यांचे कान उघडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा, एकदाच, यांनी आपल्या बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलं, आणि मग ती गेली. असा आवाज मी कधी लावला नव्हता. बायका हमसून रडत होत्या. चिटणिसांनी घंटी बाजूला ठेवून रुमाल काढला. माझेही डोळे भरून आले, कारण मला माझंच खरं वाटायला लागलं होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून बाइंडरांचे हात थांबलेले दिसले तेव्हा मीही थांबलो, इतका मी तरबेज. "प्रभूची स्तुती असो," मंडळी म्हणाली, आणि बाइंडरांनी ते ओठांवर वाचलं.

ते मंडळीकडे बघत होते. सगळे रडतायत हे त्यांना दिसत होतं. त्यांचा चेहरा असा सैल झाला, की जणू खूप लांबून डोक्यावर आणलेलं ओझं कोणीतरी उतरवून घेतलं. ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी माझ्या छातीवर तळहात ठेवला. मला वाटतं, समजून घेतलंत, असं त्यांना म्हणायचं होतं.

मांडवात जेवणं सुरू झाली. महिला मंडळाच्या दोघी-तिघी बाइंडरांच्या मुलीकडे गेल्या आणि तिला मिठी मारून म्हणाल्या, "धन्य तुझी आई. शेवटी देवाने तिचा आवाज त्यांना ऐकवला." मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने ताट खाली ठेवलं आणि बापाकडे गेली. मी दहा पावलांवर होतो. ती हातांनी त्यांना काय सांगतेय ते मला कळलं. आश्चर्य म्हणजे एक-एक खूण कळली. कान. उघडले. आईचा आवाज.

बाइंडरांनी मांडवभर नजर फिरवली आणि मी सापडलो. ते रागावलेले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघून दोन्ही हातांनी काहीतरी एकच, छोटंसं सांगितलं आणि ते न जेवता फाटकाकडे चालू लागले. मी मुलीला विचारलं, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "तुम्हाला येतं ना, काका." आणि त्यांच्यामागे गेली.

ते परत मंडळीत आले नाहीत. जानेवारीत मुलीने त्यांना लोणी काळभोरला नेलं.

मी पाळकसाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, हे मला सांगून भागणार नाही. जिथे बोललात तिथेच सांगा." पुढच्या रविवारी मी माईकपुढे उभा राहिलो आणि सांगितलं, की ती साक्ष बाइंडरांची नव्हती, माझी होती, आणि त्यांची काय होती ते मला माहीत नाही. दीड मिनिटात संपलं. "प्रभूची स्तुती असो" कोणी म्हणालं नाही. उपासनेनंतर चिटणीस जवळ येऊन पुटपुटले, "कशाला उकरलंत? चांगली होती हो साक्ष." आणखी दोघं तसंच म्हणाले. लोकांना ती साक्ष हवी होती. मी परत मागितली याचंच त्यांना वाईट वाटलं. बायको एवढंच म्हणाली, "आज तुमचा आवाज बरा वाटला."

मी सदाशिव पेठेत परत गेलो. बाईंनी मला दारात पाहिलं आणि म्हणाल्या, "गुडघा बरा झाला वाटतं." दुसरं काही विचारलं नाही. मला त्यांनी पहिल्या तासाला बसूच दिलं नाही. सहा महिने फक्त दुसरा तास. बघ आणि लिही. मी लिहायचो, 'त्याने कांदे घेतले. पिशवी फाटली.' आणि त्यापुढे पेन नेऊ नये म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवायचो. कित्येकदा पान कोरं राहायचं आणि मी कोरंच द्यायचो. बाई त्यावर खूण करायच्या, बरोबरची. दीड वर्ष गेलं. जिना तोच होता, गुडघा आता खरोखरच दुखायला लागला होता.

मंडळीत आता हिंजवडीला नोकरी करणारं एक तरुण जोडपं येतं, दोघांनाही ऐकू येत नाही. त्यांच्यासमोर मी बसतो. उपदेश जसा असेल तसा सांगतो, लांबला असेल तर लांबलेला. परवा त्यातला मुलगा मला हाताने म्हणाला, "काका, आज उपदेशात काहीच नव्हतं का?" मी सांगितलं, "नव्हतं."

गेल्या फेब्रुवारीत मी लोणी काळभोरला गेलो. सोलापूर रस्त्याने बसमध्ये बसून पूर्ण वेळ हात मांडीवर हलवत होतो, शेजारचा माणूस उठून दुसऱ्या सीटवर गेला. बाइंडर अंगणात पेरूच्या झाडाखाली मुलीच्या कॉलेजातल्या जुन्या वह्यांना पुठ्ठे घालत बसले होते. बारीक झाले होते. मला पाहून त्यांनी सुई वहीत खोचून ठेवली आणि स्टूल पुढे केलं.

मी क्षमा मागितली. सगळं हातांनी सांगितलं. वर्ग कसा सोडला, साठ खुणांवर कसा नाचलो, तुम्ही शिकवायला तयार होतात आणि मी नको म्हणालो. ते शेवटपर्यंत बघत होते. मग म्हणाले, क्षमा त्याच वर्षी केली. नाही तर पुस्तकं बांधताना हात थरथरतात.

मग आम्ही बोललो. तासभर. खळ कशी शिजवायची, आता मिळणारा दोरा कसा कुचकामी, लोणीच्या शाळेतली पोरं त्यांच्याकडून हाताने नावं लिहायला कशी शिकतात. त्यांची बायको त्यांना उपदेशाबरोबर कोणाच्या साडीचा काठ कसा आहे हेही सांगायची आणि त्यांना हसू आवरायचं नाही. मला सगळं कळत होतं. एवढा विनोदी माणूस इतकी वर्षं तिसऱ्या बाकावर बसला होता आणि मी त्याच्या पाठीवर थापा मारत होतो.

शेवटी मी म्हणालो, "ती साक्ष मला सांगा. आता मी बघतो. मंडळीत जाऊन जशीच्या तशी सांगेन, एक शब्द जास्त नाही."

त्यांनी मान हलवली. "ती एकदा सांगायची होती," ते म्हणाले. "जमवायला दोन वर्षं लागली. मी उभा राहिलो आणि सांगितली. देवाने पाहिली असेल. मंडळीने पाहावी असं वाटत होतं." त्यांनी समोरची वही सरळ केली. "आता पुन्हा ती माझ्याच्याने होणार नाही." आणि त्यांनी वहीतून सुई काढली.

मुलगी मला थांब्यापर्यंत सोडायला आली. रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर चालले होते, ते पुढे जाईपर्यंत आम्ही कडेला उभे राहिलो. तेव्हा तिने विचारलं, "काका, त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"नाही."

"मलाही नाही. मी एकदा विचारलं, पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही." ती रस्त्याकडे बघत होती. "आईबद्दल होतं, एवढंच मला ठाऊक आहे. शेवटच्या आजारात दोघांमध्ये काहीतरी झालं होतं. ते त्यांना सांगून टाकायचं होतं, की ती काही बोलली होती, की काय, मला माहीत नाही. त्या दिवशी ते सांगत होते तेव्हा इतक्या जवळ तुम्हीच होतात." मग ती माझ्याकडे वळली. "अर्थ नका सांगू. एखादी खूण आठवते का? हात कुठे होता, वर की खाली, एवढं जरी दाखवलंत तरी मी ओळखीन."

मी आठवायचा प्रयत्न केला. पहिल्या बाकावरचा चिटणिसांचा रुमाल आठवला, निळ्या कडेचा. कोण कोण रडलं ते आठवलं. तिसऱ्या ओळीत एका बाईने चष्मा काढला होता, तेही. माझा स्वतःचा आवाज तर अजून कानात आहे. बाइंडरांचे हात मात्र कुठेच नव्हते. चार खुणा झाल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं, मी मंडळीकडे बघत होतो.

खोटं बोलत नाही, त्या क्षणी एक गोष्ट माझ्या जिभेवर आली होती. साधीशी, पटण्यासारखी, तिला आयुष्यभर पुरेल अशी. एक हात गालाशी, मग छातीशी. एवढं केलं असतं तरी तिने ती पुरी केली असती.

"बायको, आजारी, मी, घर. त्यापुढचं नाही पोरी," मी म्हणालो. "मी बघत नव्हतो."

ती "बरं" म्हणाली. बस आली. मी चढलो आणि खिडकीतून पाहिलं तेव्हा ती घराकडे वळलेली होती, भरभर चालत होती.